९८ वर्षांची वाट

होबार्टच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकांवर जागा मिळत नाही. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं डबे घेऊन जुन्या झाडांच्या सावलीत येतात आणि सीगल पक्षी त्यांच्या पायांशी घुटमळतात. चौकाच्या मध्यभागी कारंज्याच्या हौदात सर जॉन फ्रँकलिन उभे आहेत. आम्ही बसलो होतो ते बाक मात्र दुसऱ्याच एका पुतळ्यासमोर होतं. दगडी चौथऱ्यावर ब्राँझचा एक गृहस्थ होता, कोट घातलेला, ऐटीत उभा. फेब्रुवारी २०२३ ची ही गोष्ट.

"मावशी, हेच ते डॉक्टर क्राउदर," भाची म्हणाली.

भाची स्वतः डॉक्टर. पुण्यात शिकली आणि गेली सहा वर्षं टास्मानियात आहे. मी येणार म्हटल्यावर तिने धबधबे, लॅव्हेंडरची शेतं, कैद्यांचे जुने तुरुंग अशी यादी पाठवली होती. मी तिला कळवलं, की मला एकच वाट चालायची आहे. ट्रुगानिनी नावाच्या एका बाईची. ती वाट होबार्टमध्ये सुरू होते आणि पस्तीसेक किलोमीटरवरच्या समुद्रात संपते. भाचीने त्या नावाचा रस्ता ऐकला होता, पण बाई कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने सुट्टी काढली, गाडी काढली आणि आधी मला या पुतळ्यापाशी आणून बसवलं. कारण ट्रुगानिनीची भीती इथून सुरू झाली.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. निदान चाळीस हजार वर्षं इथे माणसांची वस्ती आहे. त्यांचे वंशज आज या बेटाला लुट्रुविटा म्हणतात आणि होबार्टला निपालुना. ब्रिटिश आले १८०३ मध्ये. पुढच्या तीस वर्षांत गोळ्या, रोगराई आणि अपहरणं यांनी मूळच्या लोकांची जी दशा केली, ती एका परिच्छेदात सांगण्याजोगी नाही. उरलेल्यांना १८३० च्या दशकात उत्तरेकडच्या फ्लिंडर्स बेटावर वायबालेना नावाच्या वसाहतीत नेऊन ठेवलं. तिथेही माणसं मरतच राहिली. १८४७ मध्ये ४७ जण परत आणले गेले, होबार्टच्या दक्षिणेला, ऑयस्टर कोव्ह इथल्या कैद्यांच्या रिकाम्या ओलसर बराकींत.

त्या ४७ जणांत विल्यम लॅनी नावाचा मुलगा होता. मोठा होऊन तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर खलाशी झाला. होबार्टच्या बंदरात त्याला सगळे ओळखत. ऑयस्टर कोव्हच्या म्हाताऱ्या बायकांचे हाल होतात म्हणून सरकारदरबारी तक्रार घेऊन जाणारा हाच. ३ मार्च १८६९ रोजी, जेमतेम पस्तिशीचा असताना, तो आजारी पडून मेला. त्याच्यावर "शेवटचा टास्मानियन पुरुष" असा शिक्का आधीच मारला गेला होता, आणि त्या शिक्क्याने त्याच्या मृतदेहाला किंमत आली.

त्या काळी युरोपातल्या वैद्यकीय संस्था जगभरातून कवट्या गोळा करत होत्या. कोणती जात वरची, कोणती खालची, हे हाडं मोजून ठरवता येतं असा त्यांचा ठाम समज होता. क्राउदर यांना लॅनीची कवटी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला पाठवायची होती. सरकारने परवानगी दिली नाही. सरकारचा कल टास्मानियाच्या रॉयल सोसायटीकडे होता. मग एका रात्री शवागारात लॅनीच्या चेहऱ्याची कातडी सोडवून आतली कवटी काढून घेतली गेली आणि जागा भरायला दुसऱ्याच एका मृताची कवटी आत बसवली गेली. हे लक्षात आल्यावर क्राउदरना आणखी काही मिळू नये म्हणून रॉयल सोसायटीच्या बाजूच्या डॉक्टरने लॅनीचे हात आणि पाय कापून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे खलाशी मित्र खांद्यावर शवपेटी घेऊन गेले तेव्हा आत काय उरलं होतं, त्याचा विचारसुद्धा नको वाटतो. त्या रात्री थडगंही उकरलं गेलं आणि उरलेला देह नाहीसा झाला.

शहरात फार बोभाटा झाला. मृतदेहांच्या विच्छेदनावर नियंत्रण आणणारा कायदा त्याच वर्षी झाला. क्राउदर यांना इस्पितळातल्या मानद पदावरून निलंबित करण्यात आलं. पण त्यांच्या वाटचालीत त्याने खंड पडला नाही. १८७४ मध्ये लंडनच्या त्याच रॉयल कॉलेजने त्यांना मानद फेलोशिप दिली, १८७८ मध्ये ते टास्मानियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले, आणि १८८९ मध्ये लोकवर्गणीतून हा पुतळा उभा राहिला.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फर्स्ट इयरला मी एका सीनियरकडून बोन सेट घेतला होता. त्यातल्या कवटीचं आम्ही मैत्रिणींनी नाव ठेवलं होतं. परीक्षा झाली आणि मी तो पुढच्या बॅचला विकला. ती कोणाची होती, हे कधी मनातच आलं नाही गं."

मी तिला काय सांगणार? १९८५ मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता. ती माणसं कोण होती, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का, याची नोंद कुठल्याही बोन सेटबरोबर येत नाही. क्राउदरच्या पुतळ्याखाली बसून त्यांच्यावर रागावणं मला सोपं होतं. भाचीला ते तितकं सोपं नव्हतं, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा मला अभिमान वाटला.

पुतळ्याचं काय करायचं यावर तेव्हा शहरात वाद चालू होता. २०२१ मध्ये होबार्टच्या नगरपालिकेने काही कलावंतांना या पुतळ्यावर तात्पुरत्या कलाकृती करायला बोलावलं होतं. ॲलन मॅन्सेल या आदिवासी कलावंताने पुतळ्याचं डोकं आणि हात रक्तासारखे लाल केले आणि हातांत करवत व आदिवासींचा झेंडा दिला. ज्युली गॉफ यांनी त्याला लाकडी पेटीत झाकून टाकलं. काही आठवडे तरी त्या चौकात श्वास घेता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. ऑगस्ट २०२२ मध्ये पुतळा हलवण्याचा ठराव झाला, मग परवानग्या आणि अपिलं सुरू झाली. आम्ही पाहिला तेव्हा तो उभा होता. मे २०२४ मध्ये एका सकाळी भाचीने फोटो पाठवला. रात्रीतून कोणीतरी पुतळा घोट्यांपासून कापून खाली पाडला होता. चौथऱ्यावर ब्राँझचे दोन बूट तेवढे उरले होते. ज्यांनी हे केलं त्यांना लॅनीचे कापलेले पाय आठवत असणार. पुतळा कायद्याच्या वाटेने शांतपणे खाली उतरला असता तर मला अधिक बरं वाटलं असतं. पण त्या वाटेवर १३० पेक्षा जास्त वर्षं गेली होती, हेही खरं.

*

चौकातून बंदराकडे पाच मिनिटं चाललं की टास्मानियन म्युझियम अँड आर्ट गॅलरी लागते. तिकीट नाही. मागे वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातली कोठारं आहेत, जाड भिंतींची. रॉयल सोसायटी ऑफ टास्मानिया १८४३ मध्ये स्थापन झाली, ब्रिटनबाहेरची पहिली रॉयल सोसायटी म्हणून. हे संग्रहालय मूळ तिचंच. १८८५ मध्ये ते सरकारकडे गेलं. म्हणजे या दोन संस्थांचा इतिहास एकमेकींत गुंतलेला आहे, आणि म्हणूनच १५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोघींनी मिळून माफी मागितली. संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष ब्रेट टोरॉसी आणि रॉयल सोसायटीच्या अध्यक्ष मेरी कूलहॉफ, या दोन स्त्रियांनी आदिवासी समाजासमोर उभं राहून ती वाचली.

ती माफी विनाअट होती, आणि मोघमही नव्हती. आपल्याकडे "चूक झाली" आणि "मी चुकलो" यांत केवढं अंतर आहे, हे प्रत्येकाला घरातल्या भांडणातून ठाऊक असतं. चूक "होते" तेव्हा ती कोणाचीच नसते, पाऊस पडावा तशी ती पडते. "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व" हे तर आपल्या वर्तमानपत्रांतलं ठरलेलं वाक्य. त्यात दुखावणारा नसतोच, आणि दुखावलेल्याबद्दलही शंकाच असते. इथे मात्र संस्थांनी कृत्यांची नावं घेतली. थडगी उकरणं, अस्थी गोळा करणं, त्या विकत घेणं आणि परदेशी संस्थांना पाठवणं, जिवंत असलेल्या समाजाला नामशेष म्हणून दाखवणं, हे सगळं आपल्या खात्यावर मांडून घेतलं. एखाद्या संस्थेने असं करणं सोपं नसतं. तिच्या भिंतींवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी असतात, देणगीदार असतात, वकील असतात.

आणि तिथेच सांगितलं गेलं, की एक गोष्ट परत द्यायची आहे. टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्यावर प्रेमिंगाना नावाची जागा आहे. तिथल्या समुद्रकाठच्या खडकांवर वर्तुळं कोरलेली आहेत, एकात एक, हजारो वर्षांपूर्वीची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतले मोठे तुकडे करवतीने कापून संग्रहालयांत आणले होते. मार्च २०२२ मध्ये ते जड दगड पुन्हा त्या किनाऱ्यावर नेले गेले. माफी आणि दगड यांच्यामध्ये वर्षभराचंच अंतर पडलं. माझ्या हिशेबी या माफीचं वजन त्या दगडांएवढं आहे.

आदिवासी दालनाचं नाव "निंगिना तुनाप्री". ते टास्मानियाच्या लोकांनी जुन्या नोंदींतून पुन्हा जुळवलेल्या पलावा कानी भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थ, ज्ञान आणि समज देणं. आत सालींची एक होडी ठेवली आहे. गवती दोरांनी बांधलेल्या साली, दोन्ही टोकं वर वळलेली, वास अजून जंगलाचा. २००७ मध्ये या समाजातल्या माणसांनी ती बांधली. मधली दीडशेहून अधिक वर्षं कोणी अशी होडी केली नव्हती. कशी करायची, ते जुनी वर्णनं आणि छोट्या प्रतिकृती बघून पुन्हा शिकावं लागलं.

शिंपल्यांच्या माळा मात्र कधीच थांबल्या नव्हत्या. काचेजवळ मी नाक लावून उभी राहिले. एकेक शिंपला मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. बाहेरचा खरबरीत थर काढला, की आतून मोराच्या मानेचा रंग उजळतो, हिरवा, निळा, मध्येच जांभळा. शेकडो शिंपल्यांना एकाच ठिकाणी बारीक भोक, आणि माळ गळ्यात चार-पाच वेढे घेईल एवढी लांब. फ्लिंडर्स आणि केप बॅरन बेटांवरच्या बायकांनी आईकडून मुलीकडे हे काम चालू ठेवलं. सरकारी कागद ज्यांना नामशेष म्हणत होते त्या बायका समुद्रकाठी ओहोटीची वाट बघत होत्या, शिंपले वेचत होत्या. ट्रुगानिनीच्या फोटोंतही तिच्या गळ्यात अशाच माळा आहेत. तिची एक माळ आणि एक कंकण इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या संग्रहालयात जाऊन पोचलं होतं, ते १९९७ मध्ये परत आलं.

या दालनाच्या बाहेर, याच इमारतीत, १९०४ पासून १९४७ पर्यंत ट्रुगानिनीचा सांगाडा लोकांना बघण्यासाठी उभा करून ठेवला होता. शाळांच्या सहली येत असतील. कोणी बाप आपल्या मुलाला उचलून दाखवत असेल. त्या ४३ वर्षांत त्या काचेसमोरून किती माणसं गेली असतील, याचा मी तिथल्या जिन्यात उभं राहून हिशेब करत होते आणि तो लागत नव्हता.

कवट्या मोजण्याच्या या शास्त्राशी मराठी माणसाचाही एक धागा जुळलेला आहे, आणि तो मला तिथे फार आठवला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवणारे. गोऱ्यांच्या कवटीची असमान ठेवण त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असते, असं फिशर यांचं गृहीतक होतं आणि ते इरावतीबाईंनी सिद्ध करावं अशी अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन ताब्यातल्या आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. आकडे जे सांगत होते तेच त्यांनी लिहिलं, की कवटीच्या असमतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या विरुद्ध, विशी ओलांडलेल्या एका बाईने हे लिहिलं. ज्या कारणासाठी लॅनीचं डोकं उघडलं गेलं ते कारणच मुळात खोटं होतं, हे दाखवणाऱ्यांत आपल्या 'युगान्त'च्या लेखिका आहेत. पण त्या कवट्याही कोणाच्या तरी होत्या, हेही मला आता विसरता येत नाही.

*

ट्रुगानिनीला पुरलं होतं ते कॅस्केड्सच्या आवारात. शहराच्या दक्षिण टोकाला, कुनान्यी डोंगराच्या पायथ्याशी, कैदी बायकांचा जुना तुरुंग आहे. आज तो जागतिक वारसास्थळ आहे. उंच दगडी भिंती, मध्ये रिकामी अंगणं, शेजारून ओढा. सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि गारठा भिंतींतून बाहेर येतो. आम्ही दहा मिनिटंच थांबलो.

लॅनीचं काय झालं हे ट्रुगानिनीला ठाऊक होतं. त्यानंतरची सात वर्षं तिने याच एका भीतीत काढली. आपले तुकडे करू नका, आपली राख डाँत्रकास्टोच्या सामुद्रधुनीत सोडा, असं तिने भेटेल त्या वजनदार माणसाला विनवून सांगितलं. ८ मे १८७६ रोजी ती गेली. रॉयल सोसायटीने देह मागितला, सरकारने या वेळी नाही म्हटलं आणि गाजावाजा न करता तिला तुरुंगाच्या आवारात पुरलं. दोनच वर्षं. १८७८ मध्ये सोसायटीला थडगं उकरायची परवानगी मिळाली. अट होती, की अवशेष लोकांना दाखवायचे नाहीत, फक्त शास्त्रज्ञांना अभ्यासासाठी खुले ठेवायचे. ती अटही पाळली गेली नाही.

म्हातारी जे सांगत होती ते ऐकू आलं नव्हतं, असं कोणीच म्हणू शकत नाही. तिची इच्छा नोंदलेली होती, छापलेली होती. ती ऐकून, समजून, बाजूला ठेवली गेली. मला या साऱ्यात हेच सर्वांत जड वाटतं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला निघालो. रस्ता डोंगर उतरत उतरत पाण्याला येऊन मिळतो. चेरीच्या, सफरचंदांच्या बागा, खाड्यांत उभ्या केलेल्या पांढऱ्या नौका. केटरिंगच्या थोडं अलीकडे ऑयस्टर कोव्ह, आजचं नाव पुटलिना. एक उथळ खाडी, चिखल, वाकलेली निलगिरीची झाडं. बराकी आता नाहीत.

लॅनी, ट्रुगानिनी आणि बाकीचे इथे राहिले, आणि बाकीच्यांतले बरेच एकेक करून इथेच मातीत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्राउदर यांच्या नातवाने, तोही डॉक्टर, ही थडगी उकरून हाडं नेली. पुढे तो संग्रह होबार्टच्या संग्रहालयात गेला. आजोबांच्या वाटेने नातूही गेला, आणि तेव्हाच्या समाजाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

१९८४ च्या जानेवारीत आदिवासी समाजाने या जागेवर येऊन ठाण मांडलं. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, की संग्रहालयांनी अवशेष आदिवासींच्या स्वाधीन करावेत. १९८५ मध्ये तो सगळा क्राउदर संग्रह परत इथे आला आणि याच खाडीकाठी, त्यांच्या रीतीप्रमाणे, त्याला अग्नी दिला गेला. १९९५ च्या कायद्याने जमीनही परत मिळाली. आजही दर जानेवारीत इथे जत्रा भरते, गाणी होतात, मुलं चिखलात धावतात.

परदेशांतून पूर्वजांना आणणं अधिक कठीण गेलं. टास्मानियन ॲबोरिजिनल सेंटरची माणसं वर्षानुवर्षं ब्रिटनच्या फेऱ्या मारत राहिली. २००२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने ट्रुगानिनीच्या कातडीचे आणि केसांचे नमुने परत केले. ती तोवर अजून थोडी लंडनमध्ये उरली होती, असंच म्हणायचं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १७ जणांचे अवशेष द्यायचं कबूल केलं, पण आधी त्यांच्यावर चाचण्या करायचा हट्ट धरला. समाज कोर्टात गेला. २००७ मध्ये तडजोड झाली आणि ते १७ जण घरी आले. शास्त्राचं नुकसान होईल असं म्हणणारे तेव्हाही होते. मला त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की आपल्या आजीच्या बाबतीत त्यांनी हेच म्हटलं असतं का?

"शेवटची टास्मानियन" हा शिक्का ट्रुगानिनीवरही होता आणि तो साफ खोटा होता. वायबालेनात जन्मलेली फॅनी कॉक्रेन स्मिथ तिच्यानंतर २९ वर्षं जगली. तिला अकरा मुलं झाली आणि चर्चसाठी तिने स्वतःची जमीन दिली. १८९९ मध्ये आणि पुन्हा १९०३ मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर तिचा आवाज मुद्रित केला गेला. टास्मानियाच्या आदिवासी भाषेत म्हटलेल्या गाण्यांचं हे एकमेव जुनं ध्वनिमुद्रण. त्यातलं पहिलं मुद्रण केलं तेही रॉयल सोसायटीने. पाच वर्षांनी ट्रुगानिनीचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात मांडला गेला, तेव्हा फॅनी हयात होती, आणि त्याच लोकांची गाणी तिला पाठ होती. २०२१ च्या जनगणनेत टास्मानियात तीस हजारांवर लोकांनी आपण आदिवासी असल्याचं नोंदवलं आहे.

*

केटरिंगहून ब्रुनी बेटावर जाणारी फेरी वीसेक मिनिटांची. गाडीसकट आत जायचं, हँडब्रेक ओढायचा आणि बाहेर कठड्याशी उभं राहायचं. ही सामुद्रधुनी म्हणजेच डाँत्रकास्टो चॅनल. पाणी काळसर, गार, जवळजवळ न हलणारं. पलीकडचं बेट ट्रुगानिनीच्या न्यूनोन लोकांचं, लुनावाना-अलोना. तिचा जन्म तिथला, १८१२ च्या सुमाराचा. कोवळ्या वयातच तिने आपली आई गोऱ्यांच्या हातून मरताना पाहिली, बहीण पळवली गेली, आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो याच पाण्यात मारला गेला.

बेटाच्या मध्यावर जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, नेक म्हणतात तिला. टेकडीवर चढायला २७९ लाकडी पायऱ्या. मी तीनदा थांबले. वर तिच्या आणि तिच्या लोकांच्या स्मरणार्थ लावलेला फलक आहे. एका अंगाला मोकळा समुद्र फुटत होता, दुसऱ्या अंगाला चॅनल शांत. वाऱ्याने बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली वाळूत शिअरवॉटर पक्ष्यांची बिळं आहेत. दिवसभर समुद्रावर हिंडून ते अंधार पडल्यावर बरोबर आपापल्या बिळात परततात, असं भाची कानाशी येऊन ओरडून सांगत होती.

३० एप्रिल १९७६ रोजी ट्रुगानिनीच्या अस्थींना होबार्टमध्ये अग्नी दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, राख या पाण्यात सोडली गेली. तिच्या मृत्यूला शंभर वर्षं पुरी व्हायला एक आठवडा कमी होता. थडगं उकरल्यापासून मोजली तर ९८ वर्षं. आम्हाला त्याच अंतराला गाडीने अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला होता.

परतीच्या फेरीत ऊन उतरलं होतं. आमच्या पुढच्या गाडीत दोन लहान मुलं झोपली होती, मागे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. बाबांच्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या, तेव्हा ही भाची सात वर्षांची होती आणि माझा पदर धरून उभी होती. तीही तेच आठवत असावी.

"नेमकं कुठे सोडलं असेल गं तिला?" तिने विचारलं.

मी पाण्याकडे हात केला. नेमकी जागा मला कुठून माहीत असणार? ती कठड्यावर दोन्ही हात टेकून खाली बघत राहिली. मीही. केटरिंगचा धक्का जवळ आला तसा भोंगा वाजला, लोकांनी गाड्या सुरू केल्या, आणि आम्ही दोघी अजून कठड्याशीच होतो.